दुर्दिनचर्या : पोळ्याच्या तोंडावरील झड, सणाचे भोजन आणि ज्वराचा निर्णय



श्रावण सरत आला की आमच्या तुमसर परिसरात एक विशिष्ट हवा पडते. येथील लोक तिला ‘झड’ म्हणतात. धो-धो कोसळून तासाभरात मोकळा होणारा पाऊस म्हणजे झड नव्हे. झडीत आभाळ खाली उतरलेले असते, दोन-दोन, तीन-तीन दिवस सूर्यदर्शन होत नाही, भुरभुर संतत चालू राहते, मधूनच एखादी जोराची सर येते आणि ओला वारा अंगाला झोंबतो. वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत, सरपण पेटत नाही, भिंतींना ओल चढते. पुष्कळदा नेमक्या अशाच दिवसांत पोळा येतो.

२०२५ साली श्रावण अमावास्येचा पोळा २२ ऑगस्ट रोजी, शुक्रवारी आला. शनिवारी तान्हा पोळा आणि त्याला लागून रविवार, अशी तीन दिवसांची जोडसुटी झाली. पुढच्याच बुधवारी, २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. झड, सण आणि सुटी यांची अशी गाठ ज्या वर्षी पडते, त्या वर्षी आपल्या दवाखान्यांतील चित्र ठरलेले असते. सणाआधीचे दोन दिवस प्रतिश्याय, कास, संधिशूल आणि ज्वर यांची गर्दी असते. सणाचे दिवस ओस जातात. त्यानंतर अजीर्ण, छर्दी, अतिसार यांचे रुग्ण एकदम येतात आणि त्यांच्यासोबत, ज्वर अंगावर काढलेले काही गंभीर रुग्णही येतात.

या तीन-चार दिवसांचा स्वतंत्र विचार आपण वैद्य फारसा करीत नाही. वर्षा ऋतूची पथ्यापथ्याची एक यादी आपण आषाढात देतो आणि तीच आश्विनापर्यंत चालवतो. शास्त्राने मात्र हा विचार अधिक बारकाईने केला आहे. प्रस्तुत लेखात त्या शास्त्रविचाराचे स्मरण, आपल्या भागातील आहारविहाराशी त्याची सांगड आणि शेवटी ज्वराच्या रुग्णाविषयी एक कळकळीची सूचना, असा क्रम ठेवला आहे.

झड कशी येते

पावसाळ्यात बंगालच्या उपसागराच्या वायव्य भागात वारंवार कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. ती ओडिशा आणि छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्य दिशेने सरकतात. पूर्व विदर्भ त्यांच्या वाटेवर किंवा वाटेच्या दक्षिण अंगाला येतो आणि पावसाचा जोर बहुधा याच अंगाला अधिक असतो. एक क्षेत्र विरते न विरते तोच दुसरे आले की झड लांबते.

वैद्याच्या दृष्टीने येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ऑगस्टमध्ये एरवी दिवसाचे तापमान ३० अंशांच्या आसपास जाते. झडीत ढगांच्या आवरणामुळे ते २५-२६ अंशांच्या वर चढत नाही. रात्रीचे तापमान मात्र ढगांमुळेच फारसे उतरत नाही, ते २३-२४ अंशांवर राहते. म्हणजे तापमानाच्या आकड्यात ही थंडी काहीच नाही. तरीही माणूस गारठतो, कारण कपडे ओले असतात, वारा वाहता असतो आणि शरीराला ऊन मिळत नाही. हा गारठा शीत गुणाबरोबर आर्द्रता आणि वारा घेऊन येतो. हेमंतातील कोरड्या, अग्निवर्धक थंडीशी त्याची तुलना करता येत नाही. “थंडी पडली आहे, आता भूक वाढेल, खा पोटभर” हा समज या दिवसांत पूर्णपणे चुकीचा ठरतो.

ऋतू आणि दुर्दिन

वर्षा ऋतूतील दोषस्थिती आपल्या परिचयाची आहे. आदानकाळाने देह दुर्बल होतो आणि अग्नीही मंद होतो. वर्षारंभी भूबाष्प, मेघांचा वर्षाव आणि जलाचा अम्लविपाक यांमुळे तो आणखी मंदावतो आणि वातादि दोष बिघडतात. या ऋतूत वाताचा प्रकोप असतो आणि पित्ताचा संचय होत असतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तस्याशितीय अध्यायात आणि अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात हे विवेचन आले आहे.

त्याच ठिकाणी या दोन्ही ग्रंथांनी आणखी एक भेद केला आहे, त्याकडे आपले दुर्लक्ष होते. वर्षा ऋतूचा सर्वसाधारण आहार सांगितल्यावर चरकाचार्य वारा आणि पाऊस यांनी व्यापलेल्या, विशेष शीत अशा दिवसाचा वेगळा उल्लेख करतात. त्या दिवशीच्या भोजनात अम्ल, लवण आणि स्नेह स्पष्ट जाणवतील असे असावेत, असा त्यांचा उपदेश आहे. वाग्भटाचार्यांनी अशा दिवसाला ‘अतिदुर्दिन’ हा शब्द योजला आहे. त्या दिवसाचे भोजन अम्ल-लवण-स्नेहयुक्त, कोरडे, मधुयुक्त आणि लघु असावे, असे ते सांगतात. अर्थात दोन महिन्यांच्या ऋतूच्या पोटात हवेनुसार बदलणाऱ्या एकेका दिवसाची चर्या शास्त्रकारांना अभिप्रेत होती. आपली झड ती हीच. प्रस्तुत लेखात या चर्येला सोयीसाठी ‘दुर्दिनचर्या’ म्हटले आहे.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. अम्ल, लवण आणि स्नेह यांनी दुर्दिनातील वात शमतो. परंतु त्याच काळात पित्ताचा संचय चालू असतो आणि अम्ल व लवण हे रस पित्तवर्धक आहेत. झडीच्या दिवसांचा आहार उघडीप पडल्यावरही चालू ठेवला, तर वातासाठी दिलेले पथ्य पित्ताला खतपाणी घालते. शरदात अम्लपित्त, शीतपित्त, मुखपाक आणि दाह घेऊन येणाऱ्या रुग्णाला भाद्रपदात त्याने काय खाल्ले, हे अवश्य विचारावे. झडीनंतरच्या उघडिपीत आमच्याकडे कडक ऊन पडते आणि जमिनीतून वाफ निघते. ते दोन-चार दिवस शरदाची पूर्वसूचनाच असतात. तेव्हा चिंच, लोणचे, ताकाची आंबट कढी हे सारे मागे घ्यावे आणि मूग, तांदूळ, तूप, पडवळ, दोडके यांकडे वळावे.

पोळ्याचे स्थानही कालगणनेत पाहण्यासारखे आहे. श्रावण-भाद्रपद हा वर्षा ऋतू मानला, तर श्रावण अमावास्या त्याच्या ऐन मध्यावर येते. सुश्रुताचार्यांनी दोषांच्या संचय-प्रकोपाच्या दृष्टीने केलेल्या गणनेत आषाढ-श्रावण हा प्रावृट् आणि भाद्रपद-आश्विन हा वर्षा ऋतू आहे. त्या गणनेने पोळा ऋतुसंधीवर येतो. कोणतीही गणना घेतली, तरी हा काळ वैद्याने सावध राहण्याचाच आहे.

पाणी आणि तांदूळ

वर्षा ऋतूत पिण्यासाठी आंतरिक्ष जल, विहिरीचे जल आणि उकळलेले जल शास्त्राने सांगितले आहे, तर नदीचे पाणी वर्ज्य केले आहे. आज यांतील केवळ उकळलेले जलच निःशंकपणे सांगावे. झडीत गावातील उथळ विहिरींमध्ये भोवतालचे पाणी झिरपते आणि हातपंपांभोवती डबकी साचतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहराच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि नदीकाठच्या गावांतील विहिरी गढूळ झाल्या. अशा प्रसंगी विहिरीचे पाणी शास्त्रात ग्राह्य आहे, एवढ्या आधारावर ते पिण्यास सांगणे हा शास्त्राचा विपर्यास होईल. पाणी खळखळून उकळावे, त्यात किंचित सुंठ टाकावी, झाकून ठेवावे आणि कोमट असतानाच प्यावे. पोळ्याच्या दिवशी पाहुण्यांसाठी भरलेल्या मोठ्या पिंपालाही हाच नियम लागू करावा. घरच्यांसाठी उकळलेले आणि पंगतीसाठी न उकळलेले, हा प्रकार सर्रास दिसतो.

तांदळाविषयी एक स्थानिक मुद्दा आहे. ग्रंथांत पुराण शाली, म्हणजे वर्षभर जुना तांदूळ सांगितला आहे. पूर्वी श्रावणात घरी असलेला तांदूळ आपोआपच गतवर्षीच्या खरिपाचा असे. आता सिंचन असलेल्या गावांत उन्हाळी धान घेतले जाते. ते मे महिन्याच्या सुमारास निघते आणि भरडून लगेच वापरात येते. पोळ्याच्या सुमारास हा तांदूळ जेमतेम तीन महिन्यांचा असतो, म्हणून तो गुरू आणि अभिष्यंदी असतो. मंदाग्नीच्या रुग्णाला ‘जुना तांदूळ खा’ एवढे सांगून भागत नाही. तांदूळ कोणत्या हंगामाचा आहे, हे विचारावे. जुना उपलब्ध नसल्यास तांदूळ कोरडा भाजून मग शिजवावा. भाजल्याने तो लघु होतो आणि हे कोणत्याही घरी शक्य आहे.

झडीत रानातून येणाऱ्या भाज्यांबाबतही विवेक हवा. सात्यांचा, म्हणजे अळंब्यांचा हाच हंगाम असतो. चरकाचार्यांनी विषारी सर्पच्छत्रक वगळून इतर छत्राक जातींना शीत, गुरू आणि पीनस उत्पन्न करणाऱ्या म्हटले आहे. ज्यांना मुळातच प्रतिश्याय आहे, त्यांनी झडीत त्या टाळाव्यात. अनोळखी अळंबी तर कोणीही खाऊ नये. बांबूचे कोंब, म्हणजे वास्ते, हेही पचण्यास जड आणि वातकर आहेत. ते उकळून, पाणी टाकून, तेल-लसूण-हिंगाचा संस्कार करून आणि थोड्या प्रमाणातच घ्यावेत.

सणाचे भोजन

पोळ्याचे जेवण म्हणजे पुरणपोळी, वडे, भजी, करंज्या आणि कढी. चण्याची डाळ वातकर व विष्टंभी आहे, उडीद गुरू आणि गूळ अभिष्यंदी. त्यात भर वेळेची पडते. बैल धुवायचे, सजवायचे, पोळ्यात उभे करायचे, घरोघरी ओवाळून घ्यायचे आणि त्यांना नैवेद्य दिल्यावर मग आपण जेवायचे, ही आपली रीत आहे. म्हणजे दिवसभर अर्धपोटी राहिलेला आणि पावसात भिजलेला शेतकरी सूर्यास्तानंतर, वर्षातील सर्वांत मंद अग्नीवर, वर्षातील सर्वांत जड जेवण घेतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले वडे आणि पोळ्या संपवल्या जातात आणि पाठोपाठ पोळ्याची कर येते. त्या दिवशी मांस आणि मद्य यांची रेलचेल असते. हा क्रम पाहिला की तिसऱ्या दिवशीच्या अतिसाराचे आश्चर्य वाटत नाही.

म्हणून सण वर्ज्य करावा काय? तसे सांगणाऱ्या वैद्याचे पुढच्या वर्षी कोणी ऐकत नाही, आणि ते योग्यच आहे. पूर्वापार पद्धतीने केलेल्या या जेवणात त्याचा उताराही ठेवलेला आहे. पुरणात सुंठ, जायफळ, वेलची घालणे, पोळीवर तूप घेणे, कढीला आले, जिरे, हिंग आणि कढीपत्त्याचा संस्कार करणे, ही सर्व पाचनाची योजनाच आहे. हल्ली सुंठ-जायफळ नावापुरते उरले आहे आणि तुपाची जागा वनस्पती तुपाने घेतली आहे. तेव्हा रुग्णाला पुढील गोष्टी सांगाव्यात.

पोळ्याच्या दिवशी सकाळी उपाशी न राहता मुगाचे कढण किंवा सुंठ घातलेली तांदळाची पेज घ्यावी. संध्याकाळच्या जेवणात पहिल्या घासाबरोबर तुपातून हिंग्वाष्टक चूर्ण दोन ते तीन ग्रॅम घ्यावे. पुरणपोळी आणि वडे यांपैकी एकच पदार्थ मनसोक्त खावा, दुसरा चवीपुरता. जेवणानंतर थंड पाणी न पिता सुंठीचे कोमट पाणी घ्यावे आणि लगेच झोपू नये. पुरण रात्रभर झाकून ठेवलेले असेल तर दमट हवेत ते आंबते. शिळे पुरण लहान मुलांना तर मुळीच देऊ नये. दुसऱ्या दिवशी खरी भूक लागेपर्यंत लंघन किंवा पेया द्यावी. करीच्या दिवशी मांस खायचेच असेल, तर पातळ, मिरे-आले घातलेला रस्सा घ्यावा. वर्षा ऋतूत शास्त्राने मांसरस सांगितला आहे, तेलकट मांस सांगितलेले नाही.

मधुमेही, हृद्रोगी आणि वृक्कविकाराच्या रुग्णांना ‘अम्ल-लवण-स्नेह’ हा उपदेश जसाच्या तसा लागू करू नये. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने झडीच्या नावाखाली लोणचे-पापड वाढवल्यास होणारे नुकसान वातशमनाच्या लाभापेक्षा मोठे आहे. त्यांच्यासाठी आले, लसूण, जिरे, हिंग आणि आहाराची उष्णता यांवरच भर द्यावा.

विहार

झडीत अभ्यंग हितकर आहे, पण तो स्वस्थ व्यक्तीला. कोमट तीळतेलाचा अभ्यंग आणि उष्णोदक स्नान यांनी वातरोगी, वृद्ध आणि शेतात राबणारे यांना उपशय मिळतो. ज्वर, आमवाताची सूज किंवा अजीर्ण असताना मात्र अभ्यंग करू नये, तेथे वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेदच योग्य. ‘झडीत सांधे धरले’ असे सांगणाऱ्या प्रत्येकाला तेल देण्याआधी साम-निराम परीक्षा करावी.

चिखलात उभे राहणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यांवर औषधापेक्षा पाय कोरडे ठेवणे अधिक उपयोगी पडते. रात्री पाय कोमट पाण्याने धुऊन, पुसून, करंज तेल लावावे. मधुमेहींच्या चिखल्यांकडे विशेष लक्ष द्यावे, तेथून पायाचा दाह पसरण्यास वेळ लागत नाही.

घरातील ओल जावी म्हणून निंबपत्र, वेखंड, गुग्गुळ यांचे धूपन करावे, पण धूर निघून जाईल अशा रीतीने. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची प्रथा आहे. झडीत खिडक्या-दारे गच्च लावून निखारे पेटते ठेवले जातात. कोंडलेल्या खोलीतील निखाऱ्यांमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता प्राण घेतो. शेक द्यावा, शेक झाल्यावर शेगडी बाहेर काढावी आणि बाळ-बाळंतीण झोपलेल्या खोलीत ती रात्रभर कधीही ठेवू नये, हे प्रत्येक प्रसूतेच्या घरी सांगणे आपले काम आहे.

सुटीत चांदपूर, गायमुख यांसारख्या ठिकाणी भिजत फिरणाऱ्या तरुणांनी परतल्यावर कोरडे कपडे आणि गरम पेय घेतले, तर बहुतेक प्रतिश्याय टळतो. फुगलेल्या नदीनाल्यात बैल धुण्यास उतरू नये, हे सांगण्यासाठी तर शास्त्राधाराचीही गरज नाही.

एक चूक

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळतो. काही वर्षांपूर्वी खांदशेकणीच्या संध्याकाळी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, चाळिशीतील एक शेतकरी माझ्याकडे आला. तीन दिवसांचा ज्वर, तीव्र शिरःशूल, अंगमर्द आणि अरुची अशी लक्षणे होती. चार दिवसांची झड चालू होती आणि त्या दिवशी अशाच तक्रारींचे अनेक रुग्ण मी तपासले होते. वात-कफज ज्वर असे निदान करून लंघन, सुंठीचे पाणी आणि त्रिभुवनकीर्ती दिले. भंडाऱ्याला नेऊन रक्त तपासावे काय, असे त्याच्या पत्नीने विचारले. तो म्हणाला, “पोळा होऊ द्या डाक्टरसाहेब, मंग जाऊ.” मीही मान डोलावली.

चौथ्या दिवशी त्याला आणले तेव्हा श्वास लागला होता आणि तो ग्लानीत होता. तेव्हा मी प्रथमच त्याचे कपडे दूर करून तपासले. कमरेला करदोड्याखाली एक लहान, काळी, न दुखणारी खपली होती. स्क्रब टायफसची ती खूण आदल्या भेटीतही बहुधा तेथे असणार. मी पाहिली नव्हती. रुग्ण पुढे मोठ्या रुग्णालयात अनेक दिवस अतिदक्षता विभागात राहिला आणि वाचला. परंतु ज्या बैलजोडीच्या पोळ्यासाठी तो थांबला होता, ती जोडी उपचाराच्या खर्चासाठी विकावी लागली.

यात रुग्णाचा दोष नाही. निर्णय वैद्याने करायचा असतो आणि तो मी सणाच्या हवाली केला. ऋतू हा निदानाचा एक भाग आहे, ते संपूर्ण निदान नव्हे. आगंतु ज्वरात हेतू बाहेरून येतो आणि दोषांचा अनुबंध मागाहून होतो, हे आपण शिकलेलोच आहोत. तरुण ज्वरात कषाय देण्याची घाई करू नये, हा नियमही आपल्याला पाठ असतो. पण तो नियम औषधयोजनेविषयी आहे. निदानासाठी सात दिवस थांबावे, असा त्याचा अर्थ कोणत्याही ग्रंथातून निघत नाही.

झडीतील ज्वर : काय पाहावे

स्क्रब टायफस हा चिगर नावाच्या सूक्ष्म माइटच्या अळीच्या दंशाने होतो. धुऱ्यावरचे गवत, झुडपे, बांध ही तिची ठिकाणे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर विभागात याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि मृत्यूही झाले. दंशानंतर साधारण ६ ते २१ दिवसांनी ज्वर येतो. म्हणजे पोळ्याआधी येणारा रुग्ण निंदणीच्या काळात बाधित झालेला असतो, तर पोळ्यासाठी पळसाच्या फांद्या आणि गवत आणायला गेलेला माणूस गणेशोत्सवाच्या सुमारास किंवा त्यानंतर आजारी पडू शकतो. काख, जांघ, कंबर, स्तनाखालची घडी, गुडघ्यामागची खोबण या जागा प्रत्यक्ष पाहाव्यात. खपली प्रत्येकात आढळत नाही, म्हणून ती नसल्याने रोग नाही असे ठरवू नये. वेळीच डॉक्सिसायक्लिन सुरू झाल्यास ज्वर बहुधा दोन दिवसांत उतरतो. उशीर झाल्यास फुप्फुसे, वृक्क आणि मेंदू बाधित होतात.

लेप्टोस्पायरोसिसमध्ये चिखलात, साचलेल्या पाण्यात काम केल्याचा इतिहास मिळतो. पिंडऱ्यांत तीव्र वेदना, डोळे लाल होणे, मूत्र कमी होणे, कावीळ ही लक्षणे पाहावीत. जंगलालगतच्या गावातील कोणत्याही ज्वरात मलेरियासाठी रक्ततपासणी पहिल्याच भेटीत करून घ्यावी. डेंग्यूत ज्वर उतरल्यावर धोका संपत नाही, पुष्कळदा तेव्हाच तो सुरू होतो. ‘ताप गेला’ म्हणून सणाला बसलेल्या रुग्णाला तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा अतिशय मरगळ आली, तर एक तासही दवडू नये.

ज्वर नसलेल्या एका अवस्थेचाही येथे उल्लेख करतो. झडीत बिळांत पाणी शिरते आणि साप घरात येतात. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही आणि खूणही क्वचितच दिसते. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा दुखतो, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात आणि श्वास मंदावतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आलेल्या पोटदुखीला सर्वजण ‘काल जास्त जेवला’ असेच म्हणणार. अशा वेळी हिंग्वाष्टक किंवा शंखवटी देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : रात्री जमिनीवर झोपला होतात काय? आणि डोळे पूर्ण उघडता येतात काय? शंका आल्यास बांधणे, चिरणे, झाडफूक यांत वेळ न घालवता सर्पविषप्रतिरोधक लस उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे हा यावरील सर्वांत सोपा प्रतिबंध आहे.

सणापूर्वीचा एक दिवस

माझ्या चुकीनंतर मी एक शिस्त लावून घेतली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी, त्या आठवड्यात ज्वरासाठी आलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद काढतो आणि त्याला पुन्हा बोलावतो किंवा फोन करतो. दोन दिवसांहून अधिक काळ ज्वर असेल, तर कपडे दूर करून पूर्ण तपासणी आणि रक्ततपासणी सुटीआधीच उरकतो. सुटीत कोणती लॅब आणि कोणते रुग्णालय उघडे आहे, याची माहिती १०८ रुग्णवाहिका क्रमांकासह दाराशी लावतो. रुग्णाच्या हाती चिठ्ठी देतो : श्वास लागणे, ग्लानी, मूत्र कमी होणे, रक्तस्राव, पाणीही पोटात न ठरणे, यांपैकी काहीही दिसले तर सणाची वाट पाहू नये. अतिसाराच्या शक्यतेसाठी ओआरएसची पाकिटे घरी ठेवण्यास सांगतो. कुटज, मुस्ता, बिल्व यांचा उपयोग आहेच, पण तो जलक्षय भरून काढण्याला सुरुवात केल्यानंतरचा आहे. या सर्वांस अर्धा दिवस लागतो. त्यापेक्षा अधिक काही करावे लागत नाही.

समारोप

झडीतील आहार दुर्दिनापुरता ठेवावा आणि उघडीप पडताच बदलावा. सणाचे भोजन अग्नी पाहून, पाचक संस्कारांसह घ्यावे. ज्वराचा निर्णय मात्र सण, सुटी किंवा पाऊस यांपैकी कशासाठीही पुढे ढकलू नये. या तीन गोष्टी लक्षात राहिल्या तरी लेखाचा हेतू साध्य झाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या गावागावांत मारबत, कुठे नारबोद, काढली जाते. दारोदारी लावलेल्या पळसाच्या फांद्यांसह ती गावाच्या वेशीबाहेर नेतात आणि खोकला, रोगराई सारी घेऊन जा, अशी हाक तिला देतात. झडीच्या या दिवसांत गावात आजार असतात, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते आणि सणाच्या आनंदातही त्यांनी त्याची आठवण ठेवली. ज्या घरात कोणी अंगावर ताप काढून निजले आहे, त्या घरापर्यंत मारबत निघण्यापूर्वी आपण पोहोचलेलो असावे, एवढीच सर्व वैद्य बंधू-भगिनींना विनंती.